कस्तुराबाईला बसवेना

मावळातल्या कान्हे गावच्या कस्तुराबाईला लोणावळ्याच्या बाजारात सगळे ओळखत, ते तिच्या बैठकीमुळं. सकाळी कामशेतला गाडी धरून ती भाजीची पाटी घेऊन यायची, ठरलेल्या जागी पोतं अंथरायची, मांडी ठोकायची आणि पाटी रिकामी होईतो जागची हलायची नाही. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा, की खंडाळ्याच्या बंगल्यांतले खानसामे भाव पाडायला लागले की तिचं उत्तर पार बाजाराच्या टोकाला ऐकू जायचं. शेजारी मिरच्या-कोथिंबीर विकणारी शालूबाई उठून चहा पिऊन यायची, कुणाशी तरी भांडून यायची. कस्तुराबाई दोघींच्या पाट्या सांभाळत तशीच बसलेली.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनएक वर्षं आधी, भातं कापून झाली, आणि या बाईला बसवेनासं झालं.

सुरुवात साधीच होती. जांघेत, आणि जांघेच्या आत, जिथं हात न्यायची बाईमाणसाला चोरी, तिथं खाजायला लागलं. भाताच्या आवणीच्या दिवसांत ओल्या लुगड्यानं चिखलात उभं राहिलं की थोडंफार खाजतंच, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. पण आवणी कधीच सरली, खळ्यावर धूळ उडायला लागली, तरी खाज जाईना. उलट चढतच गेली. मांडी घातली की घडीभरात आत मुंग्या डसल्यागत व्हायचं. मग ती मांडी बदलायची. उकिडवी बसायची. एक गुडघा वर घ्यायची, तो खाली टाकून दुसरा घ्यायची. समोर गिऱ्हाईक असलं की दात आवळून मेथीच्या जुड्या उगीच झटकायची आणि भाव भलताच सांगून बसायची. शेवटी उठायचीच. "शाले, पाटी बघ गं," म्हणून बाजारामागच्या बोळात जायची, भिंतीला पाठ लावून उभी राहायची, दोन्हीकडं बघायची. खाजवलं की क्षणभर जीव थंड व्हायचा आणि लगेच आग पेटायची. परत येऊन बसायची ती पुन्हा उठण्यासाठीच.

रात्रीचं तर बोलायलाच नको. झोप म्हणजे नुसत्या कुशी बदलणं. सकाळी डोळे लाल, जीव कावलेला. सून नंदाबाई गरीब स्वभावाची. तिच्यावर सासू आता कारण नसताना खेकसायला लागली. मुलगा सोपान म्हणाला, "आये, तुला झालंय तरी काय?" तर, "मला काय धाड भरलीया?" म्हणून त्यालाही तोडून टाकलं. सांगणार काय? पोराला सांगायची का ती गोष्ट? सुनेला?

घरचे उपाय तिनं गुपचूप सुरू केले. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं. दोन दिवस बरं वाटलं. मग खोबरेलात कापूर घालून लावला, तर अशी आग झाली की गोठ्यात जाऊन गुरांच्या दावणीला धरून उभी राहिली. दिवाळीला घेतलेल्या नव्या लुगड्याचा रंगच बाधला असेल, असं वाटून ते लुगडं तिनं नंदाबाईला देऊन टाकलं. कपडे धुवायच्या साबणानं तिथं घासून घासून धुतलं. त्यानं कातडी सोलवटली आणि लघवीला बसणं म्हणजे जखमेवर मीठ झालं.

अखेर ती कामशेतच्या त्र्यंबक वैद्यांकडं गेली. वैद्य वयानं मोठे, देवमाणूस, अख्ख्या मावळात मान. ओसरीवर बाप्ये बसलेले. कस्तुराबाईनं पदर तोंडावर ओढला.

"काय होतंय, बाई?"

"उष्णता झालीया, आबा."

"कुठं? पोटात? डोळ्यांची आग होते?"

"समद्या अंगातच." ती जमिनीकडं बघत म्हणाली. "लघवीला आग व्हती."

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. सांगितलं तेवढ्यावरून काढायचा तो अर्थ काढला आणि गुलकंदाची बरणी दिली. सकाळ-संध्याकाळ खायचा, वर सब्जाचं बी घालून खडीसाखरेचं पाणी प्यायचं. कस्तुराबाईनं ते इमानानं केलं. गुलकंद तिला आवडायचाही. अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटत होती, पाय ओढत चालावं लागत होतं. गोड खाल्लं की तेवढ्यापुरती तरतरी यायची. म्हणून दुपारी बाजारात गूळ-शेंगदाणेही सुरू झाले.

खाज दुप्पट झाली. आता नासलेल्या दह्यासारखं पांढरं काही जायला लागलं. तहान तर अशी लागे की आपल्या तांब्यासकट ती शालूबाईचाही तांब्या रिकामा करायची.

एक दिवस ती बोळातून परत येताना शालूबाईनं तिला हात धरून खाली बसवलं.

"कस्तुरे, मी काय आंधळी न्हाई. किती दिस बघतीया. तितं खाजतंय न्हवं?"

कस्तुराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या दिवसांत कुणी हे तोंडानं बोललं नव्हतं.

"माज्या नणंदंला आसंच झालतं," शालूबाई आवाज खाली करून म्हणाली. "नवऱ्यानं ममईस्नं आणलं आन् हिच्या पदरात टाकलं. गरमी म्हंत्यात त्येला." मिरच्यांवरून हात फिरवत तिनं विचारलं, "तुजा मालक खंडाळ्याला एकलाच ऱ्हातो न्हवं?"

दत्तोबा, कस्तुराबाईचा नवरा, घाटातल्या रेल्वेच्या गँगेत मुकादम होता. खंडाळ्याला गँगवाल्यांच्या चाळीत राहायचा आणि सुटीला कान्ह्याला यायचा. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं, आणि पंचवीस वर्षांत कस्तुराबाईच्या मनाला असलं काही शिवलं नव्हतं. आता शिवलं, ते सुटेना. तिला एकेक आठवायला लागलं. गेल्या काही सुट्यांना तो आलाच नव्हता. आला तेव्हा ओसरीवर झोपला. जेवताना भाकरी नको म्हणाला, नुसती तांदळाची कण्हेरी प्याला. तिच्याकडं सरळ बघत नव्हता. चोर असल्याशिवाय माणूस असा वागेल का?

खालून खाज आणि वरून हा संशय. गाडीत बसली तरी तिचा जीव डब्यात ठरेना. उभी राहायची, दारापाशी जायची, परत यायची. नवऱ्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवायची, मोडायची. अखेर एका सकाळी तिनं लोणावळ्याला पाटी शालूबाईच्या हवाली केली आणि तडक खंडाळ्याची वाट धरली. चालताना मांड्या घासत होत्या, आग होत होती, तरी ती थांबली नाही.

दत्तोबा त्या दिवशी कामावर गेला नव्हता. चाळीतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. शेजारी राख घातलेलं पत्र्याचं टमरेल, आणि त्यात तो सारखा थुंकत होता. गाल सुजलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. खोलीत कुजका वास भरला होता. कस्तुराबाई जुळवून आणलेलं सगळं विसरली.

"अवं, ह्ये काय झालंया?"

"कायबी न्हाई." त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "तोंड आलंया. औशिद लागू पडल्याची खूण हाय ती."

"कशाचं औशिद?"

त्यानं टमरेल तोंडाशी ओढलं.

"म्या इचारती, कशाचं औशिद? गरमीचं न्हवं?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. "सरळ सांगा. कोन हाय ती?"

दत्तोबानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तिला चोरटेपणा दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो संताप.

"कोन हाय ती? मलाच इचारतीस? तूच सांग की, कोन हाय त्यो! म्या जलमात दुसऱ्या बाईच्या वाऱ्याला उबा ऱ्हायलो न्हाई. मला खाज सुटली ती तुज्यापासनं उठून आल्यावं. भिमाजी म्हनला, ही गरमी हाय, आन् ही घरात आपसूक येत न्हाई, कुनीतरी आणावी लागती. बाजारात बसतीस दिसभर, दहा मुलखाची मानसं येत्यात…"

तो टमरेलात थुंकला. थुंकीत रक्त होतं.

हा भिमाजी म्हणजे पूर्वी कुठं तरी दवाखान्यात बाटल्या धुतलेला माणूस. आता तो गुप्तरोगाची औषधं विकत फिरायचा. त्यानं दत्तोबाला न तपासताच निदान केलं होतं आणि रसकापराच्या गोळ्या दिल्या होत्या. तोंड येईल, लाळ गळेल, तितका आतला रोग बाहेर पडेल, असं सांगितलं होतं. दत्तोबा रोग बाहेर पडायची वाट बघत बसला होता, आणि पडत होते ते दात.

कस्तुराबाई तशीच बाहेर पडली. घाटाच्या कडेनं तरातरा चालत राहिली. खालून इंजिनांचा आवाज येत होता, समोर दरी धुक्यानं भरलेली. कुठं चाललो ते तिचं तिला कळत नव्हतं. म्या? पंचवीस वर्षं ह्याच्या पोरांचं केलं, ह्याच्या आईचं केलं, आन् म्या? चालता चालता तिला रडूही आलं आणि त्यातच खाजही सुटली, आणि त्या खाजेचाच तिला इतका राग आला की दगडावर बसून तिनं स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारल्या.

मग ती तशीच बसून राहिली, आणि एक गोष्ट तिच्या मनात आली. आपण कुठं गेलो नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक. तो सांगतो, की तोही कुठं गेला नाही; आणि आपण कुठं गेलो नाही हे जसं त्याला पटत नाही, तसंच त्याचं आपल्याला पटत नाही. पण समजा तोही खरंच बोलत असला तर? मग ही गरमी आली कुठनं? आणि गरमी नसली तर हे आहे काय?

ती उठली, खोलीवर परत गेली आणि दारातूनच म्हणाली, "त्या गोळ्या टाकून द्या. आन् चला माज्यासंगं."

"कुटं?"

"लोणावळ्याला. डाक्टरीनबाईकडं."

इंदिराबाई मूळच्या तळेगावच्या. डॉक्टरकी शिकून आलेल्या, वर्षभरापूर्वी लोणावळ्यात त्यांनी दवाखाना काढला होता. वय फार नव्हतं. बायका बाळंतपणासाठी जायच्या, एरवी बाईचं औषध गुण देईल का, म्हणून कचरायच्या. त्यांनी दत्तोबाचं तोंड पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे कुणी दिलं तुम्हांला? हा पारा आहे. विष आहे. आणखी थोडे दिवस घेतलं असतं तर जिवावर बेतलं असतं." त्यांनी गुळण्यांना औषध दिलं आणि तपासणीसाठी त्याचं रक्त काढलं. "हे पुण्याला जाईल. गरमी आहे की नाही ते कळेल. तोवर कुणी कुणाला काही बोलायचं नाही."

मग कस्तुराबाईला पडद्यामागं नेलं. आडवं व्हायचं म्हटल्यावर ती घाबरली. भिंतीकडं तोंड करून तिनं डोळे मिटून घेतले. इंदिराबाईंनी सावकाश पाहिलं.

"किती खाजवलंय, कस्तुराबाई. आणि हे काय लावलं होतं?"

"कापूर. साबन बी."

"अगं आई गं." त्या खरोखरच कळवळल्या. "आता दोन्ही बंद. हे पांढरं जातंय ना, ती बुरशी आहे. लोणच्यावर धरते ना, तसलीच. बायकांना होते. त्यात पाप नाही की लबाडी नाही. नवऱ्याला तुमच्याकडून लागली असेल, पण तुम्हांला कुणाकडून लागलीच पाहिजे असं नाही."

कस्तुराबाईनं डोळे उघडले. "म्हंजी गरमी न्हाई?"

"मला तरी तशी खूण दिसत नाही."

त्यांनी एक जांभळं औषध कापसाच्या बोळ्यानं आत-बाहेर लावलं, दत्तोबालाही लावायला दिलं. सुती कापड वापरायचं, धुऊन उन्हात वाळवायचं, ओलं राहायचं नाही, असं बजावलं. जांभळ्यानं लुगड्याला डाग पडले, पण खाज उतरली. कस्तुराबाई पहिल्यांदा सबंध रात्र झोपली, आणि सकाळी नंदाबाईशी गोड बोलली तर ती बिचारी दचकली.

सुख टिकलं नाही. औषध थांबवल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा मांडी बदलणं, पुन्हा बोळ. शालूबाई म्हणाली, "म्या काय म्हनलं व्हतं?" पुण्याहून निकाल यायचा होता. दत्तोबा कान्ह्याला आला होता, तोंड बरं होईतो. पण दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. एकाच घरात दोन माणसं श्वास रोखून बसल्यागत.

ती दवाखान्यात परत गेली तेव्हा गर्दी होती. बाकावर बसवत नव्हतं म्हणून कोपऱ्यातल्या माठाजवळ उभी राहिली. इंदिराबाई एका बाळंतिणीशी बोलत होत्या, पण त्यांचं लक्ष जाऊन जाऊन माठाकडं यायला लागलं. कस्तुराबाईनं पेला भरला, प्याली. पुन्हा भरला. पुन्हा.

आत बोलावल्यावर त्यांनी खाजेचं विचारलंच नाही. "तहान केव्हापासून लागते अशी?"

"झालं की लय दिस. लघवीला बी सारखं जावं लागतंय."

"आणि चोळ्या सैल झाल्यात?"

कस्तुराबाई चकित झाली. दोन चोळ्यांची शिवण तिनं आत घेतली होती, पण ते हिला कसं कळलं?

इंदिराबाईंनी तिची लघवी बाटलीत मागून घेतली. काचेच्या नळीत निळंशार पाणी होतं, त्यात तिचे काही थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. पाणी उकळलं. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं तांबडं.

"साखर आहे," त्या म्हणाल्या. "मधुमेह. ही साखर अंगातून लघवीवाटे जाते, आणि बुरशीला तेच हवं असतं. मी वरून मारत होते आणि आतून तिला खायला मिळत होतं." त्या जरा ओशाळल्या. "पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं मी. खाज म्हणजे रोग नव्हे, रोगाची हाक असते. कुणाची खरजेची, कुणाची उवांची, लहान पोरींना जंतांची, वय झालेल्या बायकांना कोरडेपणाची. तुमची ही. गोड किती खाता?"

"वैद्यबाबांनी गुलकंद दिलाय. सांजसकाळ. आन् खडीसाखरंचं पानी."

इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. "त्यांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"उष्णता."

"तहान सांगितली? खाज सांगितली?"

कस्तुराबाईनं मान हलवली. न्हाई.

त्या दिवशी गुलकंदाची बरणी तिनं परड्यात उपडी केली. गूळ बंद, साखर बंद, भात घासभर. नाचणीची भाकरी मोजकी आणि पालेभाजी पोटभर. भाजी विकणाऱ्या बाईला भाजीची काय कमी, असं नंदाबाई म्हणाली, पण इंद्रायणीकाठच्या भातावर वाढलेल्या बाईला घासभर भातावर उठणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. डोकं भणभणायचं, चिडचिड व्हायची. शेजारी कुणाकडं पुरण शिजलं की ती घरातून उठून शेताच्या बांधावर जाऊन बसायची. जांभळं औषध पुन्हा सुरू झालं, दोघांनाही. नळीतलं पाणी हळूहळू तांबड्याचं पिवळं, पिवळ्याचं हिरवं व्हायला लागलं, आणि तशी खाज उतरत गेली. या खेपेला परत आली नाही.

पुण्याचा निकाल आला: दत्तोबाच्या रक्तात गरमी नाही. इंदिराबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. दत्तोबानं हात जोडले. बाहेर आल्यावर दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"म्या बोलायला नको व्हतं तसं," तो म्हणाला. त्याचे पुढचे दात गेले होते, शब्द वाऱ्यासारखे निसटत होते.

"म्या बी," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पर तुमी त्या बाटल्यावाल्याचं ऐकलंत. मला इचारलं आसतंत तर?"

"तू तरी मला कुटं सांगितलंस, तुला खाजतंय म्हून?"

दोघं गाडीपर्यंत पुढं-मागं चालत गेली. त्या दिवशीचे चाळीतले शब्द दोघांच्याही मनातून पुरते कधी गेले नाहीत. भांडण झालं की वर यायचे, आणि मग घर दिवसभर गप्प असायचं. पण पुढच्या सुटीपासून दत्तोबानं अंथरूण ओसरीवरून माजघरात आणलं. त्याच्यासाठी ती भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

लढाईच्या वर्षांत धान्य मिळेनासं झालं. रेशनला मिळेल ते खावं लागायचं. एका पावसाळ्यात अंगातली साखर वाढली आणि खाज पुन्हा उगवली, पण आता तिला घाबरायचं कारण नव्हतं. तिनं लोणावळ्याची गाडी धरली आणि दवाखान्यात शिरता शिरताच बाहेर बसलेल्या बायकांसमोर म्हणाली, "डाक्टरीनबाई, खाज आलीया, तपासा." बाकावरच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. त्यांतली एक हसली नाही. झुंबरबाई नावाची, खंडाळ्याच्या बंगल्यात भांडी घासणारी, तरुण पोर होती. कस्तुराबाई तपासून बाहेर पडली, तशी ती तिच्या मागोमाग आली आणि नुसतीच पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"तुला बी?" कस्तुराबाईनं विचारलं.

पोरीनं मान डोलावली.

"कापूर लावलास?"

"रॉकेल," ती पुटपुटली.

कस्तुराबाईनं पाटी तिथंच पायरीवर टेकली, तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन पुन्हा आत गेली.